फॅट ३.२ पर्यंत दर सापडतो, ३.३ पासून सापडत नाही. पायथन चुकतंय का?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावच्या दूध संस्थेत संकलनाची नोंद अजून वहीत होते आणि दहा दिवसांची बिलं सचिव काका कॅल्क्युलेटरवर काढतात. बिलाच्या आदल्या रात्री ते मध्यरात्र उलटेपर्यंत बसलेले असतात. त्यांच्यासाठी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहितोय.

दराची पद्धत नेहमीचीच. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) असेल तर ३४.२५ रुपये. तिथून फॅटचा एक पॉइंट, म्हणजे ०.१, वर-खाली झाला तर ३० पैसे, एसएनएफचा एक पॉइंट झाला तर १० पैसे. (संस्थेचे खरे आकडे वेगळे आहेत, इथे समजायला सोपे घेतलेत.)

फॅटचा तक्ता असा बनवला. ३.० पासून सुरुवात, व्हाइल लूपमध्ये दर फेरीला ०.१ मिळवायचं, ४.० पर्यंत जायचं, आणि प्रत्येक फॅटचा दर डिक्शनरीत ठेवायचा. फॅट हीच ‘की’, म्हणजे ज्या नावाने दर शोधायचा ते नाव. मशीनवर जे फॅट येईल ते टाकायचं आणि दर उचलायचा.

आता होतंय असं, की ३.०, ३.१ आणि ३.२ टाकलं तर दर बरोबर येतो. ३.३ टाकलं की ‘की सापडत नाही’ असा एरर. ३.४, ३.५ आणि पुढे सगळीकडे तेच. आणि ४.० ची ओळ तर तक्त्यात तयारच होत नाही, लूप ३.९ वर थांबतो. अट ‘४.० किंवा कमी’ अशीच आहे, चार वेळा तपासली. तक्ता एका दशांशापर्यंत छापून बघितला तर ३.३, ३.४, ३.५ सगळं नीट दिसतंय. डोळ्यासमोर आहे आणि सापडत नाही!

दुसरी अडचण पैशांची. लिटर गुणिले दर करून दोन दशांशांपर्यंत राउंड करतो. काही पावत्यांवर काकांच्या आकड्यापेक्षा एक पैसा कमी येतो. कमीच येतो, जास्त आलेला अजून दिसला नाही. काका म्हणाले, “एका पैशाचा प्रश्न नाही रे, पण गवळी उद्या मला विचारणार, तुझं मशीन कापतंय कशाला?” त्यांना काय सांगू?

कोडकट्टा

पायथनचा दोष नाही. फ्लोट, म्हणजे दशांश संख्या ठेवायचा प्रकार, सगळ्या भाषांत असंच वागतं. तक्त्यात की ठेवताना एका दशांशाला राउंड कर, शोधताना पण राउंड कर, सापडेल. रकमेला राउंड लावलाच आहेस. एका पैशाने कोणी गरीब होत नाही, पुढे चल.

माजी_ईडीपी

वारणाकाठ, तुझ्या दोन्ही अडचणी एकाच घरातल्या वाटतात, पण त्या वेगळ्या आहेत. कोडकट्टा यांनी सांगितलेला उपाय पहिलीला चालेल. दुसरीला तो उपाय नाही, तिथे राउंडनेच तर पैसा जातोय. मी नागरी सहकारी बँकेच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात नोकरी केली, व्याजाचे आणि हप्त्यांचे प्रोग्रॅम लिहिण्यातच माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आधी तुझा तक्ता. एका दशांशापर्यंत छापू नकोस, जसं आहे तसं छाप. हे दिसेल:

३.०
३.१
३.२
३.३०००००००००००००००३
३.४०००००००००००००००४
३.५०००००००००००००००४
३.६०००००००००००००००५

असं करत करत शेवटी ४.०००००००००००००००१ येतं. ते ४.० पेक्षा मोठं आहे, म्हणून तुझ्या अटीने त्याला आत घेतलं नाही. अट बरोबर आहे, लूपही बरोबर आहे. तू जी संख्या ०.१ समजून मिळवत होतास ती ०.१ नव्हती.

का नव्हती ते बघ. पायथनचं फ्लोट, जावाचं डबल, जावास्क्रिप्टमधली साधी संख्या, एक्सेलचा सेल, या सगळ्यांत आत एकच साचा आहे. आयईईई ७५४ नावाचं मानक १९८५ साली ठरलं, त्यात विल्यम काहान या गणितज्ञाचा मोठा वाटा होता आणि त्यांना संगणकशास्त्रातला १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या साच्यात संख्येला ६४ बिट, म्हणजे ० किंवा १ च्या ६४ जागा मिळतात. १ चिन्हाला, ११ घातांकाला, ५२ अंकांना. सुरुवातीचा १ गृहीत धरलेला असतो, म्हणून अंक ५३ धरायचे. म्हणजे अपूर्णांक ठेवायचा तर तो ‘पूर्णांक भागिले दोनाचा कुठला तरी घात’ याच रूपात ठेवावा लागतो. छेदात २, ४, ८, १६ चालतात. छेदात ५ आला की संपलं. आणि दहामध्ये पाच आहेच.

०.१ साठी संगणक छेद घेतो २ चा ५५ वा घात, म्हणजे ३६०२८७९७०१८९६३९६८. त्याचा दहावा भाग ३६०२८७९७०१८९६३९६.८ येतो. अंशात पूर्णांकच बसतो, म्हणून ...३९७ घेतला जातो. तो ०.२ इतका जास्त घेतला. त्यामुळे ०.१ म्हणून जे साठवलं जातं ते असतं ०.१००००००००००००००००५५५१११५१२३... आपण एकाचा तिसरा भाग ०.३३३ लिहून कुठेतरी थांबतो, तसाच संगणक एकाच्या दहाव्या भागाशी थांबतो. बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिला तर, तो ०.०००११००११००११ असा न संपणारा आहे.

यात चूक किती लहान आहे यापेक्षा ती कुठल्या दिशेला आहे हे तुझ्या तक्त्यात महत्त्वाचं ठरलं. ३ आणि ४ च्या मधल्या संख्या या साच्यात ठरावीक अंतरावरच्या खाचांतच बसतात, आणि ०.१ मिळवल्यावर उत्तर दर वेळी वरच्याच खाचेत ढकललं गेलं. दोन पायऱ्या नशिबाने ३.१ आणि ३.२ च्या खाचा त्याच निघाल्या. तिसऱ्या पायरीला आपली ३.३ एका खाचेत आणि बेरीज तिच्या वरच्या खाचेत. त्यानंतर बेरीज परत जागेवर आलीच नाही.

आणि ३.१ तरी पूर्ण बरोबर आहे का? नाही. आत ते ३.१००००००००००००००००८८८... आहे. पायथन छापताना सर्वांत आखूड अशी दशांश संख्या दाखवतं, जी परत वाचली तर तीच खाच मिळेल. म्हणून तुला स्वच्छ ३.१ दिसतं.

आता जुन्या नाण्यांची एक गोष्ट सांगते, कारण ती इथे अगदी चपखल बसते. १ एप्रिल १९५७ पर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचा होता आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे ६४. अधेली म्हणजे अर्धा रुपया, पावली चार आणे, चवली दोन आणे, मग आणा, मग पैसा. सगळे दोनाचे घात! तो रुपया आजच्या संगणकात फ्लोटमध्ये ठेवला असता तर पैशापर्यंतचा हिशोब एका कणानेही चुकला नसता. (पै मात्र चुकली असती. ती रुपयाचा १९२ वा भाग, तिथे छेदात तीन येतो.) दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर पैसे झाले. या शंभरातले फक्त चार आकडे संगणकाला तंतोतंत ठेवता येतात: ००, २५, ५० आणि ७५. उरलेल्या शहाण्णव ठिकाणी तो जवळची खाच घेतो. पाव, अर्धा, पाऊण बरोबर, बाकी सगळं अंदाजे. माझ्या आईला पावकी, निमकी, पाऊणकी पाठ होती. ते पाढे ज्या अपूर्णांकांवर उभे होते, नेमके तेच अपूर्णांक या यंत्राला नीट येतात याचं मला फार अप्रूप वाटतं.

तक्त्याचा उपाय तुझ्या धंद्यातच आहे. तुम्ही ‘एक पॉइंट फॅट’ म्हणता ना? मग प्रोग्रॅममध्येही पॉइंटच मोज. की म्हणून ३.३ नको, ३३ ठेव. लूप ३० पासून ४० पर्यंत, एकेकाने, पूर्णांकात. पूर्णांकांत २ च्या ५३ व्या घातापर्यंत फ्लोटसुद्धा चुकत नाही आणि पायथनचे पूर्णांक तर हवे तेवढे मोठे होतात. दशांश चिन्ह फक्त पावतीवर छापताना घाल.

पैशाचं उद्या लिहिते. तोवर एक प्रयोग करून ठेव. फॅट ३.५ धर, एसएनएफ ८.४ पासून ८.८ पर्यंत ने, आणि प्रत्येक दराने अर्ध्या लिटरची रक्कम काढ. अर्धा लिटर मुद्दाम सांगते. ०.५ ने गुणताना संगणक नवी चूक करत नाही, त्यामुळे जे काही दिसेल ते दराच्या साठवणुकीतून किंवा राउंडमधूनच आलेलं असेल.

मोजमाप

मी प्रयोगशाळेत काम करतो, थोडं वेगळं मत मांडतो. फॅट मोजणारं मशीन स्वतःच दशांशाच्या पहिल्या स्थळापर्यंत आकडा देतं, त्यातही नमुना नीट ढवळला नाही तर आकडा बदलतो. दूध कोमट, गार, मशीनची सफाई कधी झाली, यावर सगळं अवलंबून. तिथे सोळाव्या स्थळावरच्या चुकीची एवढी चर्चा कशाला? आम्ही रोज फ्लोट वापरतो आणि काही अडत नाही.

माजी_ईडीपी

मोजमाप, तुमचं म्हणणं तुमच्या कामापुरतं पूर्ण पटतं. तापमान, वजन, सरासरी, आलेख या मोजलेल्या गोष्टी आहेत, त्यांत मुळातच अनिश्चितता असते आणि फ्लोट त्यासाठीच बनवलेलं आहे. ५३ बिट म्हणजे १५-१६ दशांश अंक, रोजच्या वापरातला कुठलाच काटा त्याच्यापुढे जात नाही.

पण मशीनने ३.३ म्हटलं की तिथे मोजमाप संपलं. ते पुढे तक्त्यातल्या ओळीचं नाव होतं. नाव जुळतं किंवा जुळत नाही, जवळपास जुळणं असं काही नसतं. आणि पैसे तर मोजायचेच नाहीत, गणायचे असतात.

वारणाकाठ

ताई, तक्ता पॉइंटमध्ये केला, लगेच सुटला. ४० ची ओळही आली. खूप आभार.

प्रयोग केला. पायथनचं राउंड आणि हाताने काढलेलं उत्तर, दोन्ही देतो:

३४.१५ चा अर्धा १७.०७५. हाताने १७.०८, पायथन १७.०७
३४.२५ चा अर्धा १७.१२५. हाताने १७.१३, पायथन १७.१२
३४.३५ चा अर्धा १७.१७५. हाताने १७.१८, पायथन १७.१८
३४.४५ चा अर्धा १७.२२५. हाताने १७.२३, पायथन १७.२३
३४.५५ चा अर्धा १७.२७५. हाताने १७.२८, पायथन १७.२७

पाचपैकी तीन चुकले. पण मला कळत नाही ते दुसऱ्या ओळीचं. तुम्ही म्हणालात पाव रुपया तंतोतंत साठवला जातो. ३४.२५ चा अर्धा, म्हणजे १७.१२५, एकावर एक अष्टमांश, तोही तंतोतंत असणार. मग तो का पडला?

माजी_ईडीपी

छान पकडलंस. या प्रयोगात मला हीच ओळ तुला दाखवायची होती.

पहिली आणि पाचवी ओळ साठवणुकीमुळे पडली. १७.०७५ आत आहे १७.०७४९९९९९९९९९९९९९२९..., आणि १७.२७५ आत आहे १७.२७४९९९९९९९९९९९९८५... अर्ध्या पैशाच्या रेषेखाली अगदी केसभर, पण खाली. राउंडने त्यांना प्रामाणिकपणे खाली टाकलं. तिसरी आणि चौथी रेषेच्या केसभर वर निघाली म्हणून वर गेली.

दुसरी ओळ अगदी रेषेवर आहे. तिथे संगणकाची कसलीच चूक नाही. पायथनच्या राउंडचा नियम असा आहे की आकडा बरोबर मध्यावर असेल तर शेवटचा अंक सम येईल तिकडे जायचं. १२ सम, १३ विषम, म्हणून १७.१२. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. लाखो आकड्यांची बेरीज करताना मध्यावरचे निम्मे वर आणि निम्मे खाली जावेत म्हणून संख्याशास्त्राला तो नियम सोयीचा. तुमचे सचिव काका शाळेत शिकवलेला नियम पाळतात: अर्धा किंवा जास्त असेल तर वर. गावात तोच नियम सगळ्यांना माहीत आहे.

आता नीट विचार कर, तुला पैसा कमीच का दिसला, जास्त का नाही दिसला? काकांच्या नियमात मध्यावरची प्रत्येक रक्कम वर जाते. त्यामुळे यंत्राची केसभर चूक वरच्या दिशेला झाली तर काहीच फरक दिसत नाही, ती तशीही वरच जाणार होती. खालच्या दिशेला झाली तरच पैसा हलतो. सम अंकाच्या नियमानेही तसंच, खाली गेला तरच फरक. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना होते, पण तिचा फटका फक्त दूध घालणाऱ्याला बसतो. म्हणूनच ‘एका पैशाने कोणी गरीब होत नाही’ हे मला मान्य नाही. गवळ्याने विचारलेला प्रश्न बरोबर आहे. मशीन कापतंय, आणि एकाच बाजूला कापतंय.

उपाय तक्त्यासारखाच. रुपये नको, पैसे घे. लिटर नको, मिलिलिटर घे. अर्धा लिटर ३४.१५ दराने म्हणजे ५०० गुणिले ३४१५, बरोबर १७,०७,५००. हे हजारांश पैसे झाले. त्यात ५०० मिळव आणि १००० ने पूर्णांक भागाकार कर, बाकी सोडून दे. १७०८ पैसे. काकांचं उत्तर. मोठी रक्कम बघ: ४.७ लिटर, दर ३४.५५. ४७०० गुणिले ३४५५ म्हणजे १,६२,३८,५००. त्यात ५००, भागिले १०००, आले १६२३९ पैसे, म्हणजे १६२ रुपये ३९ पैसे. एकाच ठिकाणी राउंड, आणि तो कुठल्या नियमाने झाला ते तुझ्या हातात.

पायथनमध्ये डेसिमल नावाचं मोड्यूलही आहे, ते दहाच्या घातात हिशोब ठेवतं. वापरायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळ. संख्या अवतरणात, म्हणजे स्ट्रिंग म्हणून दे. फ्लोटमधलं ०.१ दिलंस तर ते आतली सगळी शेपटी इमानेइतबारे उचलतं. आणि राउंडिंगचा प्रकार स्वतः सांग, कारण त्याचाही ठरलेला प्रकार सम अंकाचाच आहे. जावात बिगडेसिमलचं स्ट्रिंगबाबत तसंच. डेटाबेसमध्ये रकमेचा कॉलम फ्लोट प्रकारचा करू नकोस, डेसिमल कर.

आम्ही बँकेत कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा वापरत होतो. तिथे रकमेच्या व्याख्येतच लिहावं लागे की आधी इतके अंक, मग दशांश चिन्हाची जागा, मग दोन अंक. पॅक्ड डेसिमलमध्ये एका बाइटमध्ये दोन दशांश अंक बसायचे, आकडा दशांशातच राहायचा. पण कोबोलमध्येही राउंडेड हा शब्द लिहिला नाही तर पुढचे अंक सरळ छाटले जातात. तिथेही ठरवणारा माणूसच.

संगणकशास्त्र_पहिलं_वर्ष

खूप शिकायला मिळालं. एक विचारू का? पैशाचं समजलं, पण इतकी लहान चूक वाढत वाढत खरोखर मोठी झाल्याचं कुठे घडलंय का?

माजी_ईडीपी

घडलंय, आणि माणसं गेली आहेत. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं धहरान. तिथली पॅट्रियट ही येणारी क्षेपणास्त्रं पाडणारी अमेरिकी यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होती आणि ती सेकंदांत आणायला ०.१ ने गुणत होती. ते ०.१ ठेवायला २४ बिटांची जागा होती, आणि पुढचे बिट छाटलेले. प्रत्येक टिकटिकीमागे चूक साधारण ०.०००००००९५ सेकंद. यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू होती, म्हणजे ३६ लाख टिकटिकी. चूक जमली ०.३४ सेकंद. इराककडून येणारं स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला सुमारे १६७६ मीटर वेगाने येत होतं. तेवढ्या वेळात ते अर्ध्या किलोमीटरहून पुढे गेलेलं. पॅट्रियटने चुकीच्या जागी बघितलं, तिथे काही नव्हतं, आणि स्कड अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं. २८ जण मेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धहरानला पोचलं ते दुसऱ्या दिवशी.

वारणाकाठच्या तक्त्यात आणि या घड्याळात एकच अपूर्णांक आहे, एक दशांश. टिकटिकी पूर्णांकात मोजल्या होत्या, इथपर्यंत ठीक होतं. पुढे तोकड्या ०.१ ने गुणलं तिथे बिघडलं.

दुसरं उदाहरण माझ्या कामाच्या जवळचं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये नवा निर्देशांक १००० वर सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि तीन दशांशांपुढचं राउंड न करता छाटलं जाई. दिवसाला हजारो वेळा. बाजार काही वाईट चालला नव्हता, तरी निर्देशांक घसरतच राहिला आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये ५२४.८११ वर आला. नीट हिशोब केला तेव्हा खरा आकडा निघाला १०९८.८९२. इथे बायनरीला दोष देता येत नाही. दशांशातच छाटलं होतं, फक्त दर वेळी खालीच. जमलेली चूक किती मोठी होते ते ती एकेरी आहे की नाही यावर ठरतं.

वारणाकाठ

ताई, सगळं पैशात आणि मिलिलिटरमध्ये केलं. मागच्या बिलातल्या पावत्या काकांनी पुन्हा तपासल्या, एकही पैसा हलला नाही. काका खूश आहेत.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. राउंड प्रत्येक पावतीला करू की दहा दिवसांच्या बेरजेला एकदाच? बेरजेला केलं तर जास्त अचूक ना? आणि माझ्या जुन्या फाइलमध्ये लिटर आणि दर फ्लोटमध्येच साठलेत, ते पूर्णांकात कसे आणू?

माजी_ईडीपी

बेरजेला केलं तर गणिताने जास्त अचूक, हे खरं. तरीही प्रत्येक पावतीला कर. सकाळ-संध्याकाळ धरून दहा दिवसांत वीस पावत्या होतात. ज्याचं दूध आहे त्याच्या हातात त्या वीस पावत्या असतात, हजारांश पैसे त्याच्याकडे नसतात. घरी मुलीला बसवून त्याने बेरीज केली तर ती बिलाशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर तुझी जास्तीची अचूकता त्याच्या दृष्टीने कापाकापीच आहे.

बिल रोख द्यायचं असेल तर सुटे पैसे देता येत नाहीत, चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. मग रुपयाला राउंड करावं लागेल. तसं केलंत तर उरलेले पैसे त्या खातेदाराच्या नावावर मागील बाकी म्हणून पुढच्या बिलात ओढ. ते कुठेही हरवू देऊ नकोस. आणि हा नियम, पावतीला अर्धा पैसा किंवा जास्त असेल तर वर, बिलाचे पैसे पुढे ओढायचे, संचालक मंडळाच्या ठरावात लिहून घे आणि संकलन केंद्राच्या फळ्यावर लाव. कायदासुद्धा हे यंत्रावर सोपवत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० बघ, पन्नास पैसे किंवा जास्त असेल तर रुपया धरा, कमी असेल तर सोडा, असं सरळ लिहिलेलं आहे. तुमच्या संस्थेचा नियमही तेवढाच सरळ शब्दांत असू दे.

जुनी फाइल पूर्णांकात आणताना शंभराने किंवा हजाराने गुणून थेट इंटमध्ये (पुढचे अंक छाटून पूर्णांक करणं) बदलू नकोस. ४.३५ ला १०० ने गुणलं की ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं, आणि इंट त्याचा ४३४ करतं. १० मिलिलिटर गेले. आधी गुण, मग जवळच्या पूर्णांकाला राउंड कर. इथे राउंड चालतो, कारण खरं उत्तर पूर्णांकच आहे हे तुला माहीत आहे आणि मध्याच्या जवळपासही काही नाही. त्याहून बरं म्हणजे फाइल मजकूर म्हणून वाच, दशांश चिन्हाच्या दोन्ही बाजू वेगळ्या कर आणि फ्लोटकडे जाऊच नकोस. त्यात एक सांभाळ: ४.५ मधला ५ म्हणजे ५०० मिलिलिटर, ५ नव्हे. उजवीकडे शून्यं भरून तीन अंक पूर्ण कर, मगच जोड.

बदलण्याआधी मूळ फाइल दुसऱ्या जागी कॉपी करून ठेव. रूपांतर झालं की प्रत्येक खातेदाराची एकूण मिलिलिटरची बेरीज वहीतल्या लिटरशी ताडून बघ, सगळ्या जुळल्या की मगच नव्या प्रोग्रॅमवर पुढचं बिल काढ.